नाव चालू ठेवा

माणसाने आयुष्यात नाव काढावे, असे शाळेत आमचे गुरुजी सांगत. मी पुढे कॉमर्सचा पदवीधर झालो आणि बँकेत कारकून म्हणून चिकटलो, त्यामुळे ‘नाव काढणे’ या शब्दांचा माझ्या डोक्यात एकच अर्थ पक्का झाला. जॉइंट खात्यातला एक धनी वारला की दुसरा मृत्यूचा दाखला घेऊन काउंटरवर येतो आणि म्हणतो, "सायेब, ह्यांचं नाव काढायचंय." मग आम्ही नाव काढतो. गेल्या पंचवीस वर्षांत महाड-पोलादपूर भागातल्या कितीतरी लोकांची नावे मी अशी काढली. गुरुजींची इच्छा माझ्याइतकी कोणी पुरी केली नसेल.

पण एक नाव माझ्या हातून दाखल्याशिवाय निघाले. माणूस हयात, धडधाकट, स्वयंपाकघरात भाकरी थापत असताना निघाले. हे मला 2022 साली कळले. खरे म्हणजे मला ते 2009 सालीच ठाऊक होते, पण मी विसरलो होतो. विसरण्यासारखे काही असले की ते मी आधी विसरतो. कारकुनाची नोकरी त्याशिवाय होत नाही.

ते नाव आमच्या हिचे होते.

ही पोलादपूर तालुक्यातली. तानाजी मालुसऱ्यांच्या उमरठकडे जाणारा रस्ता जिथे दम लागल्यासारखा वर चढतो, त्या अंगाची. त्या बाजूच्या माणसांना एकदा गड घ्यायचा म्हटले की घ्यायचाच असतो, हे मला लग्नानंतर कळले. लहानपणी हिच्या वाडीत एका बाईला लाल विंचू चावला. कोकणात लाल विंचू म्हणजे काय, ते घाटावरच्या माणसाला सांगून समजायचे नाही. अंगाला दरदरून घाम, हातपाय गार, शेवटी फुप्फुसात पाणी, आणि उजाडेपर्यंत खेळ खलास. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले आणि असल्या रोग्यांच्या उशाशी रात्र रात्र बसून त्यांनी या विषाचा अभ्यास केला. रक्तदाबासाठी असलेली प्राझोसीन ही गोळी विंचूदंशावर चालते, हे त्यांनी दाखवले. दगावणाऱ्यांचे प्रमाण शंभरात चाळीसवरून एकावर आले. ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे लेख छापून आले, आणि 2022 साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. हिच्या वाडीतली बाई वाचली ती या गोळीने. पण हिच्या लक्षात राहिली ती गोळी नव्हे, डॉक्टरही नव्हेत. त्या बाईचा हात धरून दर अर्ध्या तासाने नाडी मोजणारी आणि कागदावर लिहून ठेवणारी सिस्टर हिच्या डोळ्यांपुढे राहिली. "आपण हेच करायचं," असे हिने तेव्हा ठरवले. मी त्या वयात ‘आपण काय करू नये’ याची यादी करत होतो.

ही जनरल नर्सिंगचा कोर्स करून 1999 साली पास झाली आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्टरात हिचे नाव लागले. रजिस्टर्ड नर्स आणि रजिस्टर्ड मिडवाइफ, म्हणजे एका माणसाची दोन खाती. 2003 साली आमचे लग्न झाले. 2004 साली हिने स्वतः मुंबईला जाऊन रजिस्ट्रेशनचे नूतनीकरण करून आणले, कारण ते पाच वर्षांनी करावे लागते. महाडातल्या एका दवाखान्यात हिची नोकरी चालू होती. नाइट ड्यूटी करून ही सकाळी घरी यायची आणि मी बँकेत जायचा. आम्ही जिन्यात भेटायचो. आमचा संसार एवढा सुखाचा झाला त्याचे कारण तेच असावे, असे आमचे शाखाधिकारी म्हणत.

2009 सालच्या ऑगस्टमध्ये आमच्या आईला अर्धांगवायू झाला. मोठी मुलगी चार वर्षांची, धाकटा पाळण्यात. कोणीतरी घरी बसायला हवे होते. ‘कोणीतरी’ हे सर्वनाम मराठीत नपुंसकलिंगी दिसते, पण घराघरांत ते स्त्रीलिंगीच चालते. हिने नोकरी सोडली. मी तोंडदेखले म्हणालो, "मी रजा घेऊ का?" ही म्हणाली, "किती वर्षांची?" मी गप्प बसलो.

मात्र सोडताना हिने मला एकच गोष्ट सांगितली. आमच्या लग्नाला सहा वर्षे झाली होती, आणि सोन्यानाण्यापासून साडीपर्यंत हिने माझ्याकडे काही मागितल्याचे मला आठवत नाही. ही म्हणाली, "नोकरी सोडते, पण नाव सोडणार नाही. नोव्हेंबरात रजिस्ट्रेशनची मुदत संपतेय. फॉर्म मी भरून ठेवलाय. तुम्ही फक्त ड्राफ्ट काढा आणि रजिस्टरनं टाका. एवढं नाव चालू ठेवा."

मी म्हणालो, "त्यात काय! ड्राफ्ट काढणं हा तर माझा धंदा."

इथे मूळ गोष्ट तात्पुरती ठेवतो आणि पुराकडे येतो. आमच्या महाडात कुठलीही गोष्ट शेवटी पुराकडेच येते.

सावित्री महाबळेश्वराला उगम पावते, पोलादपूरवरून खाली येते, आणि महाडला तिला गांधारी मिळते. दोघी एरवी सुशील आहेत. 22 जुलै 2021 रोजी दोघींनी मिळून गाव बुडवले. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. तळमजल्यावरची चार कुटुंबे रात्री आमच्या घरात आली, तेव्हा खाली पाणी पायऱ्या मोजत वर येत होते. वीज नाही, फोन नाही. मी बँकेच्या शिस्तीने सर्वांची नावे एका कागदावर लिहून घेतली. त्याचा उपयोग काय, असे कोणी विचारले नाही. पण मला बरे वाटले.

ही मात्र त्या रात्री निराळीच झाली. एका काकांची पोटरी पत्र्याने उभी चिरली होती. हिने जुने धुतलेले धोतर फाडून ती दाबून धरली, पाय उंच ठेवला आणि वीस मिनिटे हात हलवला नाही. एका आजोबांना साखरेचा त्रास, त्यांची इन्सुलिनची बाटली फ्रिजसकट खाली बुडालेली. त्यांना काय खायला द्यायचे, कधी द्यायचे, घाम आला तर काय करायचे, ते हिने त्यांच्या सुनेला पढवले. आठव्या महिन्यातली एक मुलगी पोट आवळतेय म्हणून रडत होती. हिने माझ्या मनगटावरचे घड्याळ काढून घेतले आणि पहाटेपर्यंत तिच्या पोटावर हात ठेवून कळांमधले अंतर मोजत बसली. उजाडताना म्हणाली, "खोट्या कळा आहेत. झोप आता." मुलगी झोपली. मग आम्ही सगळेच झोपलो. ही जागीच होती.

त्याच दिवशी महाड तालुक्यात तळिये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून जास्त माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरडी कोसळल्या. त्याबद्दल मी विनोदी पुस्तकात याहून अधिक लिहिणार नाही.

पाणी उतरल्यावर गावात आरोग्य शिबिरे लागली. चिखलातून चाललेल्या प्रत्येकाला लेप्टोच्या भीतीने डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या द्यायच्या, धनुर्वाताची इंजेक्शने द्यायची, जखमा धुवायच्या; कामाला अंत नव्हता आणि हात कमी होते. ही एका शिबिरात जाऊन उभी राहिली. बाहेरगावाहून आलेले एक तरुण डॉक्टर होते, बोलायला मोठे अदबशीर. म्हणाले, "फार बरं झालं सिस्टर, आलात ते. रजिस्ट्रेशन नंबर सांगा, लिहून घेतो."

ही म्हणाली, "नंबर आहे. पण चालू नाही."

डॉक्टर क्षणभर थांबले. "मग असं करता का? केसपेपर लिहाल?"

त्यात डॉक्टरांची चूक काही नव्हती. उद्या कोणाला इंजेक्शनची रिॲक्शन आली असती, तर पहिला प्रश्न हाच आला असता की सुई कोणी टोचली. आमच्या बँकेतही कॅशियर जेवायला गेला म्हणून गिऱ्हाइकाला कॅबिनमध्ये बसवत नाहीत, मग ते गिऱ्हाईक रिटायर्ड कॅशियर का असेना. हिने आठ दिवस केसपेपर लिहिले. हिचे अक्षर सुंदर आहे. नवव्या दिवशी रात्री भिंतीवरचा चिखल खरवडता खरवडता ही माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला माझं नाव परत पाहिजे."

आता असे आहे, की बंद पडलेले खाते चालू करून देणे हे माझे रोजचे काम. दोन वर्षे खातेदाराने स्वतः काही उलाढाल केली नाही, की खाते निष्क्रिय होते. मग खातेदार येतो. त्याला मी म्हणतो, "आधारची झेरॉक्स आणा, पॅनची आणा, दोन फोटो आणा, सही जुळत नाही, परत करा, उद्या या." हे सगळे मी इतकी वर्षे इतक्या तन्मयतेने म्हणत आलो, की खिडकीच्या पलीकडूनही हे कधी ऐकावे लागेल अशी कल्पना मला शिवली नव्हती. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने निष्क्रिय खाते पुन्हा चालू करायला पैसे मात्र घेता येत नाहीत. इथे लेट फी होती. माणसाचे नाव पैशापेक्षा महाग असते, याचा याहून सरळ पुरावा मला तरी माहीत नाही.

घर पुन्हा उभे राहायला वर्ष गेले. 2022 साली आम्ही अर्जाला बसलो. महाराष्ट्र नर्सेस ॲक्ट 1966 सालचा, इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा 1947 चा, आणि अर्ज मात्र कॉम्प्युटरवर. मुलीने लॅपटॉप उघडला. हिचा रजिस्ट्रेशन नंबर टाकल्यावर पडद्यावर हिचे नाव आले, माहेरचे, सबंध. ही खुर्चीत जरा पुढे सरकली. आणि त्या नावाखाली शेवटच्या नूतनीकरणाचे साल आले : 2004.

"हे चुकलंय," ही म्हणाली. "2014 ला मी केलं नाही, हे खरं. आईंचं तेव्हा फार झालं होतं, मीच म्हटलं, राहू दे. पण 2009 चं आपण केलंय. तुम्ही टाकलं होतंत ना?"

"टाकलं होतं म्हणजे… हो," मी म्हणालो. "टाकलंच असणार."

"मग यांच्याकडूनच गहाळ झालंय. लिहा यांना."

पत्र लिहिणे हा माझा प्रांत. बी.कॉम.ला बिझनेस करस्पॉन्डन्सला मला बासष्ट मार्क होते. मी ‘टू, द रजिस्ट्रार’ अशी सुरुवात करून इंग्रजीत सव्वा पानाचे असे पत्र लिहिले, की वाचणाऱ्याने नोकरीचा राजीनामा द्यावा. त्यात ‘ग्रॉस नेग्लिजन्स’ होते, ‘डेरेलिक्शन ऑफ ड्यूटी’ होते, आणि शेवटच्या परिच्छेदात, ज्या बेजबाबदार इसमाने हा ड्राफ्ट दाबून ठेवला त्याच्यावर कडक कारवाई व्हावी, अशी मागणी होती. ही म्हणाली, "छान लिहिलंय हो!" लग्नानंतर माझ्या गद्याला मिळालेली ही पहिलीच दाद.

पत्राला जोडायला 1999 च्या मूळ सर्टिफिकेटची प्रत हवी होती. खालच्या अडगळीच्या खोलीतले कागद पुरात गेले, पण माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंका वाचल्या होत्या. दुपारी मी बँकेत असताना हिने शिडी लावली आणि ट्रंका उतरवल्या. हिच्या ट्रंकेत सर्टिफिकेट सापडले. मग, आता उतरवल्याच आहेत तर झाडून ठेवू, म्हणून हिने माझी ट्रंक उघडली.

माझी ट्रंक म्हणजे 2010 साली माझी महाडहून पोलादपूरच्या शाखेत बदली झाली, तेव्हा टेबलाचा तिसरा खण जसाच्या तसा पालथा केलेली ट्रंक. प्रत्येक कारकुनाला एक तिसरा खण असतो. पहिल्या खणात आजचे काम, दुसऱ्यात उद्याचे, आणि तिसऱ्यात ज्याच्याबद्दल देवापुढेच बोलायचे ते.

संध्याकाळी मी घरी आलो. टेबलावर एक लांबट पाकीट होते. वर माझ्याच अक्षरात मुंबईचा पत्ता, कोपऱ्यात तिकिटेसुद्धा लावलेली. आत हिने भरलेला फॉर्म, आणि त्याला टाचणीने लावलेला ड्राफ्ट. मुंबईत वटण्याजोगा, रीतसर क्रॉस केलेला, दोन अधिकाऱ्यांच्या सह्यांचा. टाचणी गंजली होती, बाकी माल कोरा करकरीत.

"हे काय आहे?" हिने विचारले.

"ड्राफ्ट."

"ते दिसतंय. वाचता मलाही येतं."

मग मला सगळे आठवले. पाकीट घेऊन मी जेवणाच्या सुट्टीत पोस्टात निघालो होतो. तेवढ्यात दारात इन्स्पेक्शनची जीप उभी राहिली. पाकीट तिसऱ्या खणात गेले. संध्याकाळी हिने विचारले, "टाकलं का?" आणि मी म्हणालो, "टाकलं." ते मी खोटे बोललो नव्हतो, उद्या टाकणार होतो, एक दिवस आधी सांगितले एवढेच. बँकेच्या भाषेत याला ॲडव्हान्स एन्ट्री म्हणतात आणि ती सापडली तर मेमो मिळतो. पुढे एकदा हिने पावतीचे विचारले, तेव्हा मी "सरकारी काम, सहा महिने थांब" म्हणालो. थांबायला हिला मी सहा महिने दिले, आणि तेरा वर्षे घेतली.

त्या वेळी माझ्या तोंडून काहीतरी समजूतदार निघायला हवे होते. निघाले ते असे : "तेव्हा ड्राफ्टची मुदत सहा महिने असायची. 1 एप्रिल 2012 पासून तीन महिने केलीय."

ही काही बोलली नाही. दोन दिवस बोलली नाही. पोळ्या मात्र नेहमीसारख्या गोल होत्या, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. तिसऱ्या दिवशी माझे ते सव्वा पानाचे पत्र माझ्यापुढे ठेवून ही म्हणाली, "पत्र चांगलंय. फुकट घालवू नका. ‘टू, द रजिस्ट्रार’ आहे तिथं तुमचं नाव घाला आणि खाली माझी सही घ्या."

मी खरोखर तसे केले. स्वतःवर ‘कडक कारवाईची’ मागणी करणारे ते पत्र मी स्वतः ‘इनवर्ड’ केले आणि ‘चूक मान्य’ असा शेरा मारला. हिने ते घडी घालून स्वतःच्या ट्रंकेत ठेवले. तिथून ते कुठल्याही पुरात जाणार नाही.

जाता जाता त्या ड्राफ्टच्या पैशाचे सांगतो. दहा वर्षे न वटलेल्या ड्राफ्टची रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका फंडात जाते. ठेवीदारांचे शिक्षण आणि जागृती यांसाठी तो 2014 साली काढलेला आहे. अर्ज केला तर पैसे परत मिळतात. मी केला नाही. माझ्या विसरण्यातून कोणा ठेवीदाराचे शिक्षण होत असेल तर होऊ दे, असा विचार केला. माझे व्हायचे ते घरी झालेच होते.

मग खरा अर्ज सुरू झाला. मधल्या काळाचे ॲफिडेव्हिट हवे होते. महाडच्या कोर्टाबाहेर टायपिस्ट बसतात, त्यांच्यापैकी एकाकडे गेलो. त्याने मशीनवरून मान न उचलता विचारले, "2009 पासून आजपर्यंत काय करत होत्या?"

ही म्हणाली, "काही नाही. घरीच."

त्याने ‘काही काम करीत नव्हते’ असे टाइप करायला घेतले. का कोण जाणे, पण मला ते सहन झाले नाही. आमची आई सहा वर्षे अंथरुणावर होती. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, ही तिला कुशीवर वळवायची. पाठीखाली, टाचांखाली घड्या घालायची. सहा वर्षांत आईच्या पाठीला एक जखम झाली नाही. तपासायला येणारे डॉक्टर दर वेळी पाठ बघायचे आणि हिला काही न बोलता नमस्कार करायचे. 2015 साली आई गेली ती धड कातडीने गेली. शेजाऱ्यांची इंजेक्शने, पोरांचे ताप, कोणाचे ब्लडप्रेशर, कोणाच्या टाक्यांचे ड्रेसिंग. आमच्या घराची घंटा वाजली की ती बहुधा माझ्यासाठी नसायची.

मी टायपिस्टला म्हणालो, "थांबा. लिहा, घरच्या रुग्णाची शुश्रूषा करीत होते."

तो म्हणाला, "त्याला नोकरी म्हणत नाहीत साहेब."

मी म्हणालो, "नोकरी लिहा म्हटलंच नाही मी. शुश्रूषा लिहा."

त्याने लिहिले. ही माझ्याकडे पाहत होती. त्या ऐंशी रुपयांच्या टायपिंगने 2009 च्या कर्जाचा पहिला हप्ता फिटला, असे मला वाटते. मुद्दल अजून तसेच आहे.

कौन्सिलचे रजिस्टर म्हणजे नुसती वही नव्हे, हे हिच्याकडूनच मला कळले. पूर्वी हातात तांब्या धरता आला की कोणीही स्वतःला नर्स म्हणवून घेई. न्यूझीलंडने 1901 साली कायदा केला आणि 10 जानेवारी 1902 रोजी एलन डॉहर्टी नावाची बाई जगातली पहिली रजिस्टर्ड नर्स झाली. इंग्लंडात मात्र तीस वर्षे भांडण चालले. भांडणाऱ्या बाई एथेल मॅन्सन, लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलच्या मेट्रन. 1887 साली त्यांनी डॉक्टर फेनविक यांच्याशी लग्न केले आणि नोकरी सोडली. सोडली म्हणजे घरी बसून नर्सेसच्या रजिस्टरासाठी भांडायला मोकळ्या झाल्या. 1919 साली कायदा झाला, 1921 साली रजिस्टर उघडले, आणि त्यात पहिल्या नंबरावर नाव लागले ते त्यांचे, चौतीस वर्षांपूर्वी लग्नासाठी नोकरी सोडलेल्या बाईचे. ही गोष्ट हिने मला तीनदा सांगितली. तिसऱ्या वेळी मी विचारले, "त्या डॉक्टरांनी काही टाकायचं विसरलं होतं का?" ही म्हणाली, "त्यांना टाकायला सांगितलंच नसेल. शहाणी बाई होती."

नाव परत लावायचे तर ज्ञानही ताजे हवे. पाच वर्षांत 150 तासांचे निरंतर शिक्षण असा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा हिशेब आहे. विलायतेतही तीन वर्षांत 450 तास प्रत्यक्ष काम दाखवावे लागते, नाहीतर पुन्हा शिकून या म्हणतात. ही कार्यशाळांना जाऊ लागली. पहाटेच्या एस.टी.ने पनवेल, अलिबाग, कधी मुंबई. त्या दिवशी स्वयंपाक माझ्याकडे. मुलांनी पहिल्या आठवड्यातच मला ‘निष्क्रिय खाते’ म्हणून जाहीर केले.

शिकलेले घरी घोटावे लागे. सर्वांत मोठा घोळ बाराखडीचा झाला. हिच्या वेळी माणूस कोसळला तर ए-बी-सी म्हणत : आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग छाती दाबणे. 2010 साली जगाने ते सी-ए-बी केले : आधी छाती दाबा. एक वर्ष उशिरा नोकरी सोडली असती तर हिला कळले असते. ही दिवाणखान्यातला लोड जमिनीवर आडवा टाकून त्यावर दोन्ही हात रोवून दाबायची. मिनिटाला शंभर ते एकशेवीस, खोली पाच सेंटिमीटर, तीस वेळा दाबून दोन श्वास. मोजायला मी. नोटा मोजण्याचा पंचवीस वर्षांचा अनुभव तिथे कामाला आला. एकदा शेजारच्या काकू साखर मागायला आल्या आणि दारातच थबकल्या. ही घामाघूम होऊन लोड कुटते आहे आणि मी शेजारी मांडी घालून "सत्तावीस, अठ्ठावीस" म्हणतो आहे, हे दृश्य पाहून त्या साखर न घेता गेल्या. नंतर कळले, की त्यांना वाटले लोडाच्या जागी ही मला कल्पून दाबते आहे. तसे नव्हते असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. छाती तेव्हा जरा दुखतच होती.

रंगही बदलले होते. दवाखान्यातला कचरा आता पिवळ्या, लाल, पांढऱ्या, निळ्या अशा निरनिराळ्या पिशव्यांत आणि डब्यांत जातो. हिने आमच्या स्वयंपाकघरात तशा चार पिशव्या लावल्या. त्यातल्या लाल पिशवीत मी एकदा केळ्याची साल टाकली, तेव्हा माझ्या नावाने दुसरे पत्र निघायचे थोडक्यात वाचले.

शेवटी कागद घेऊन आम्ही मुंबईला गेलो. खिडकीपलीकडच्या बाईंनी एकेक कागद पाहिला. मी अट्टल कारकून. कागद कोण कसा पाहतो ते मला अंतरावरून कळते. त्या बाई सर्वच कागद वाचत होत्या. ॲफिडेव्हिटाशी त्या थांबल्या. ‘शुश्रूषा’ शब्दावर त्यांचे बोट होते. म्हणाल्या, "अशा खूप जणी येतात बरं का. परत येतात ते चांगलं करता." मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी दोन्ही हातांत फायली, पाण्याची बाटली आणि हिची पर्स धरून उभा होतो. "मिस्टर ना? फार मदत करतात हो तुमचे."

"हो," ही म्हणाली. "फार."

माझ्या आयुष्यात मला इतका छोटा मेमो कोणी दिला नाही.

2023 साली नूतनीकरणाचे सर्टिफिकेट हातात आले. त्याच साली दिल्लीला संसदेने नर्सेस आणि मिडवाइव्हज यांच्यासाठी नवा राष्ट्रीय आयोग नेमण्याचा कायदा केला. पण आमच्या घरात त्या कागदापुढे संसदेचे कोणाला काही वाटले नाही. त्यावर हिचे माहेरचेच नाव होते. नाव बदलायला वेगळा अर्ज आणि वेगळे कागद लागतात. मी विचारले, "आपलं आडनाव लावून घ्यायचं का?"

ही म्हणाली, "बघू पुढच्या वेळी. आत्ता आहे ते असू दे. एवढे दिवस ते एकटंच तिथं होतं."

मुले म्हणाली, "बाबा, वाचा ना मोठ्यानं." आमच्यात बायकोचे नाव घ्यायची रीत नाही. लग्नात एक उखाणा घेतला होता तेवढाच. पुढे वीस वर्षे ‘अगं’वर भागले. मी चष्मा लावला आणि ते नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, नंबरासकट वाचले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. ही म्हणाली, "आता पुरे, आमटी उतू जातेय." आमटी खरेच उतू गेली होती.

आता ही रोज सकाळच्या एस.टी.ने पोलादपूरला एका दवाखान्यात जाते. पहिल्याच दिवशी वरच्या वाडीवरची एक म्हातारी हिच्या पुढ्यात हात धरून म्हणाली, "शिस्टर, येवढं बघा वो." हिने नाडी धरली, घड्याळाकडे पाहिले आणि कागदावर लिहून ठेवले. घड्याळ माझेच आहे. पुराच्या रात्रीपासून ते मला परत मिळालेले नाही.

पुढचे नूतनीकरण 2028 साली. मी बँकेच्या कॅलेंडरवर खूण करायला गेलो, पण 2028 चे कॅलेंडर अजून छापलेले नव्हते. म्हणून हिला म्हटले, "तू काळजी करू नकोस. पाकीट तयार झालं की माझ्याकडे दे, मी टाकतो."

ही चपला घालत होती. म्हणाली, "नको. मी त्याच बाजूनं जाते."